ड्रिल प्रेससाठी आपल्या यंत्राच्या मापाचे लाकडी टेबल कसे करावे

ड्रिल प्रेस म्हणजे खांबावर बसवलेले, फिरते बिट सरळ खाली उतरवून भोके पाडणारे यंत्र. त्याच्यासोबत येणारे बिडाचे टेबल हे मुळात धातूकाम डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असते. त्यावरच्या आरपार खाचा शिकंजा बोल्टने आवळण्यासाठी असतात, कडेची पन्हळ कापणीचे तेल गोळा करण्यासाठी असते, आणि त्याचा आकार एखादा लोखंडी तुकडा मावेल एवढाच असतो. लाकूडकाम करणाऱ्याची गरज वेगळी असते. त्याला हातभर लांबीची फळी आडवी टेकवायची असते, कडेपासून नेमक्या अंतरावर एका ओळीत दहा भोके पाडायची असतात, आणि बिट पलीकडे बाहेर पडताना खालच्या बाजूचे लाकूड फाटू नये अशीही त्याची अपेक्षा असते. या तिन्ही गोष्टी बिडाच्या टेबलावर नीट होत नाहीत. म्हणून त्याच्यावर बसणारे, हवे तेव्हा काढून ठेवता येणारे लाकडी टेबल करणे हा सोपा आणि पुष्कळ वर्षे उपयोगी पडणारा उपाय आहे.

येथे दिलेल्या पद्धतीत राउटर, म्हणजे लाकडात खाचा कोरणारे यंत्र, लागत नाही. टेबलाचा वरचा थर अखंड न ठेवता पट्ट्यांमधून जुळवल्यामुळे ट्रॅकच्या, म्हणजे क्लॅम्प व आधारपट्टी सरकवण्याच्या धातूच्या पट्ट्यांच्या, खाचा आणि बदलत्या तुकड्यासाठीचा मधला चौकोन कोरावा लागत नाही. पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागांतून ते आपोआप तयार होतात. सर्क्युलर सॉ किंवा टेबल सॉ, जिगसॉ, एक विश्वासू गुण्या, व्हर्निअर कॅलिपर, सपाट तळाचे भोक पाडणारे फोर्स्टनर बिट, काही क्लॅम्प आणि ज्याच्यासाठी हे सारे करायचे तो ड्रिल प्रेस, एवढी साधने पुरेशी आहेत.

आधी पुठ्ठा, मग प्लायवूड

मी केलेले पहिले टेबल दिसायला देखणे होते, परंतु ते बसवल्यावर टेबल वर-खाली करण्याचे हँडल अर्ध्या फेऱ्यातच त्याच्या खालच्या बाजूवर आदळू लागले. दुसऱ्या कोणाच्या आराखड्यातली मापे जशीच्या तशी उचलल्याचा तो परिणाम होता. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी आधी पुठ्ठ्याचे टेबल करतो, आणि वाचकांनीही ही पायरी टाळू नये असा माझा आग्रह आहे. ड्रिल प्रेसच्या आकारमानात, हँडलच्या जागेत आणि खांबाच्या जाडीत इतका फरक असतो की कोणतेही छापील माप आपल्या यंत्राला लागू पडेल याची खात्री देता येत नाही. या लेखातली मापेही उदाहरणादाखलच घ्यावीत.

प्रथम यंत्राचा प्लग काढावा. स्पिंडलच्या, म्हणजे बिट फिरवणाऱ्या उभ्या दांड्याच्या, मध्यापासून खांबाच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे. यंत्राच्या वर्णनात जे ‘स्विंग’ दिलेले असते ते या अंतराच्या दुप्पट असते. म्हणजे ३२० मिमी स्विंगच्या यंत्रात हे अंतर १६० मिमी भरते. पुढील सर्व हिशोब अशा यंत्राचा आहे. टेबलाचा आकार मी ६०० मिमी रुंद आणि ३८० मिमी खोल धरला आहे. खोलीपैकी १८० मिमी भाग स्पिंडलच्या पुढे, म्हणजे आपल्या बाजूला, आणि २०० मिमी मागे येतो. याचा अर्थ मागची कड खांबाच्या पुढच्या पृष्ठभागाच्या ४० मिमी मागे जाते आणि तेथे खांबासाठी इंग्रजी यू अक्षरासारखी खाच कापावी लागते. खांब आणि खाच यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना पाच-सहा मिमी मोकळी जागा ठेवावी. बिडाचे टेबल तिरके करून भोके पाडण्याची सवय असेल तर मात्र ही खाच बरीच रुंद ठेवावी लागते. माझ्या अनुभवात लाकूडकामात टेबल तिरके करण्याचा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळी येतो, आणि तेव्हा लाकडी टेबल काढून ठेवणे अधिक सोयीचे पडते.

पुठ्ठा या मापात कापून बिडाच्या टेबलावर चिकटपट्टीने पक्का करावा. त्यानंतर उचलण्याचे हँडल पूर्ण गोल फिरवून पाहावे, टेबल आवळण्याचा मागचा दांडा दोन्ही टोकांपर्यंत हलवून पाहावा, टेबल अगदी वरपर्यंत आणि अगदी खालपर्यंत नेऊन पाहावे. हँडल कोठे अडत असेल तर तीन मार्ग असतात: लाकडी टेबलाखाली उंची वाढवणारा ठोकळ्यांचा थर देणे, मूळ हँडलऐवजी आखूड हँडल बसवणे, किंवा त्या बाजूची टेबलाची रुंदी कमी करणे. मी यांपैकी आखूड हँडलला पहिली पसंती देतो. फिरवायला थोडा अधिक जोर लागतो, पण टेबलाचा आकार आणि उंची दोन्ही शाबूत राहतात.

मोठे टेबल म्हणजे चांगले टेबल, असेही समजू नये. बिडाचे टेबल एका बाजूनेच खांबाला धरलेले असते, त्यामुळे टेबल जितके बाहेर पसरेल तितके कडेवरच्या दाबाने ते वाकते. येथे धरलेल्या मापाचे लाकडी टेबल सुमारे पाच किलोचे होते, आणि त्यावर फेन्सचे, म्हणजे लाकूड टेकवण्याच्या उभ्या आधारपट्टीचे, वजन वेगळे. लहान बाकावरच्या ड्रिल प्रेसला यापेक्षा जास्त भार देऊ नये.

साहित्य

खालच्या थरासाठी १८ मिमी आणि वरच्या थरासाठी १२ मिमी प्लायवूड घ्यावे. पृष्ठभागासाठी १ मिमी जाडीचा सनमायका, तोही दोन्ही बाजूंना पुरेल इतका, घ्यावा. केवळ वरच्या बाजूला लावला तर हवेतल्या दमटपणानुसार दोन बाजू कमी-अधिक फुगून टेबल हळूहळू बाक धरते. याशिवाय ॲल्युमिनियमचे टी-ट्रॅक, त्यांत सरकणारे टी-बोल्ट आणि हाताने आवळायच्या गुठळ्या, आठ मिमी आट्यांचे चार दातेरी टी-नट (लाकडात रुतून बसणारे नट), त्यांना लागणारे बोल्ट व वॉशर, लाकूडकामाचा पांढरा गोंद आणि सनमायका चिकटवण्याचा गोंद लागेल.

टी-ट्रॅक साधारणपणे दोन मापांत आढळतात. एक सुमारे १९ मिमी रुंद आणि ९.५ मिमी जाड असतो, दुसरा ३० मिमी रुंद आणि १२.८ मिमी जाड असतो. या रचनेला दुसरा फार सोयीचा आहे, कारण १२ मिमी प्लायवूड आणि १ मिमी सनमायका मिळून १३ मिमी होतात आणि ट्रॅक पृष्ठभागापेक्षा केसभर खाली बसतो. प्लायवूड मात्र सांगितलेल्या जाडीपेक्षा बहुधा थोडे कमीच भरते, म्हणून कॅलिपरने मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. ट्रॅक वर डोकावणार असेल, तर त्याच्याखालचा खालच्या थराचा भाग पटाशीने तेवढा खरवडून घ्यावा लागतो. अरुंद ट्रॅक मिळाला तर त्याच्याखाली ३ मिमी जाडीची पट्टी घालावी आणि पुढे दिलेल्या रुंदीच्या मापांत त्याप्रमाणे बदल करावा.

खालचा थर आणि स्पिंडलची खूण

१८ मिमी प्लायवूडचा ६०० × ३८० मिमी तुकडा काटकोनात कापून त्याच्या मागच्या कडेच्या मध्यावर खांबाची खाच जिगसॉने कापावी. आता हा तुकडा बिडाच्या टेबलावर पुठ्ठ्याप्रमाणेच ठेवून क्लॅम्पने धरावा आणि खालून खाचांच्या जागा पेन्सिलीने उतरवून घ्याव्यात. खाचांमध्ये चार बोल्ट शक्य तितके दूर दूर येतील अशी ठिकाणे निवडावीत, परंतु एकही बोल्ट खालच्या बिडाच्या आधारफासळीवर येऊ देऊ नये, नाहीतर तेथे पान्हा शिरत नाही.

टी-नट या थराच्या वरच्या बाजूने बसवायचे आहेत, म्हणजे खालून बोल्ट आवळला की त्यांचे दाते लाकडात अधिकच रुततात. टी-नटची चपटी कड पृष्ठभागाच्या वर राहिली तर वरचा थर तेथे टेकणार नाही, म्हणून आधी फोर्स्टनर बिटने त्या कडेच्या व्यासाचा दोन मिमी खोल खड्डा करावा आणि मग त्याच्या मध्यातून नळीच्या मापाचे, म्हणजे सुमारे १० मिमी व्यासाचे, आरपार भोक पाडावे. हा क्रम उलटा केला तर फोर्स्टनर बिटच्या मधल्या टोकाला धरायला लाकूडच उरत नाही. टी-नट हातोडीने ठोकण्याऐवजी बोल्ट आणि मोठे वॉशर लावून ओढून घेतले तर ते सरळ बसतात.

बोल्टच्या लांबीकडे विशेष लक्ष द्यावे. समजा, खाचेपाशी बिडाची जाडी १२ मिमी आहे, वॉशर २ मिमीचा आहे, खालचा सनमायका १ मिमी आणि प्लायवूड १८ मिमी आहे. एकूण ३३ मिमी झाले. येथे ३० मिमीचा बोल्ट योग्य. ३५ मिमीचा बोल्ट लावला तर त्याचे टोक टी-नटमधून वर येऊन वरच्या थराला खालून ढकलते, आणि टेबलावर एक फुगवटा आला की तो कशामुळे आला हे शोधण्यात अख्खा दिवस जातो.

यानंतर या साऱ्या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी येते. खालचा थर बोल्टने बिडाच्या टेबलावर पक्का आवळावा, टेबल खांबाशी सरळ रेषेत आणून तेथेच घट्ट करावे, चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीत, ३ मिमी व्यासाचे बिट लावावे आणि यंत्र बंद असतानाच ते खाली आणून त्याच्या टोकाने प्लायवूडवर खूण उमटवावी. ही खूण म्हणजे स्पिंडलचा मध्य होय. पुढची प्रत्येक रेषा, मग ती ट्रॅकची असो, मधल्या चौकोनाची असो वा फेन्सची, या खुणेपासून मोजावी. टेबलाच्या कडेपासून कधीही मोजू नये. कड दोन मिमी इकडे-तिकडे कापली गेली तरी कोणाचे काही बिघडत नाही, परंतु स्पिंडल जेथे आहे तेथेच असते. खुणेतून एक रेषा पुढून मागे आणि दुसरी डावीकडून उजवीकडे, पूर्ण तुकड्यावर, गुण्याने आखून घ्यावी.

वरचा थर

टेबलाच्या मध्यावर ९० मिमी बाजूचा एक चौकोनी तुकडा बसतो आणि भोके पडून खराब झाला की बदलता येतो. बिट आरपार जाताना खालच्या लाकडाला पाठीमागून घट्ट आधार मिळाला तरच ते फाटत नाही, आणि हा आधार देण्याचे काम या तुकड्याचे असते. हा चौकोन बहुतेक जण स्पिंडलच्या बरोबर मध्यावर घेतात. मग तुकडा कसाही फिरवला तरी बिट त्याच एका जागी येते आणि एकदा तेथे मोठे भोक पडले की तुकडा निकामी होतो. त्याऐवजी चौकोनाचा मध्य स्पिंडलच्या खुणेपासून ८ मिमी उजवीकडे आणि १५ मिमी पुढे घ्यावा. आता तुकडा चार वेळा फिरवून आणि उलटा करून पुन्हा चार वेळा फिरवून, एकाच तुकड्यावर आठ ताज्या जागा मिळतात. दोन्ही अंतरे मुद्दाम वेगवेगळी ठेवली आहेत. ती सारखी असती तर उलटा केल्यावर बिट पुन्हा जुन्याच भोकांवर आले असते. या आठ जागांपैकी सर्वांत जवळच्या दोन जागांमध्ये जवळजवळ १० मिमी अंतर राहते, त्यामुळे नेहमीच्या लहान बिटांची भोके एकमेकांत मिसळत नाहीत.

१२ मिमी प्लायवूडवर आधी सनमायका चिकटवून घ्यावा आणि मगच पट्ट्या कापाव्यात. बारीक दातांचे पाते वापरावे. टेबल सॉवर सनमायका वरच्या बाजूला आणि हातातल्या सर्क्युलर सॉने कापताना खालच्या बाजूला ठेवावा, म्हणजे दाते सनमायकात आधी शिरतात आणि कड तुटत नाही. दोन्ही ट्रॅकचे मध्य स्पिंडलपासून डावी-उजवीकडे १७० मिमीवर धरले, तर डावीकडून उजवीकडे हिशोब असा होतो: ११५ मिमीची कडेची पट्टी, ३० मिमी ट्रॅकची मोकळी जागा, ११८ मिमीची पट्टी, ९० मिमीची मधली पट्टी, १०२ मिमीची पट्टी, पुन्हा ३० मिमी मोकळी जागा आणि शेवटी ११५ मिमीची पट्टी. बेरीज बरोबर ६०० मिमी. मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंची मापे असमान आहेत ती चौकोन ८ मिमी सरकवल्यामुळे. मधली पट्टी आडवी कापून तिचे दोन भाग करावेत: पुढचा १२० मिमी लांब आणि मागचा १७० मिमी लांब. उरलेली ९० मिमी जागा हाच आपला चौकोन. मागच्या भागातून खांबाची खाच जुळवून कापावी लागते, आणि खांब रुंद असल्यास शेजारच्या पट्ट्यांचेही थोडे कोपरे जातात.

पट्ट्या चिकटवण्यापूर्वी खालच्या थरात चौकोनाच्या मध्यावर ७० मिमी व्यासाचे भोक कापावे. चौकोनाच्या प्रत्येक बाजूला १० मिमीचा काठ उरतो आणि बदलता तुकडा त्यावर टेकतो; शिवाय सरकवलेल्या स्पिंडलभोवतीही बिट मोकळेपणाने खाली जाईल एवढी जागा राहते.

चिकटवताना घाई करू नये. प्रथम गोंद न लावता सर्व पट्ट्या मांडून पाहाव्यात. ट्रॅकच्या जागेत ट्रॅकचेच आखूड तुकडे आणि चौकोनाच्या जागेत ९० मिमीचा नमुन्याचा तुकडा ठेवावा. या सर्वांना मेण चोळून ठेवावे, म्हणजे गोंद त्यांना धरत नाही. मग स्पिंडलजवळच्या पट्टीपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला एकेक पट्टी गोंदाने बसवत जावी. ओल्या गोंदावर पट्टी क्लॅम्पच्या दाबाने हमखास सरकते. हे टाळण्यासाठी प्रत्येक पट्टी जागेवर धरून खालून २५ मिमी लांबीचे दोन-तीन काउंटरसंक (डोके लाकडात बुडणारे) स्क्रू मारावेत. ते वरच्या थरात सातच मिमी शिरतात आणि पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाहीत. खाचांत आणि चौकोनाच्या काठावर आलेला गोंद ओला असतानाच पुसावा, कारण वाळलेला गोंद पटाशीने काढणे हे कंटाळवाणे काम आहे आणि त्यात सनमायकाची कड हटकून दुखावते. रात्रभर वाळू द्यावे, नंतर खालच्या बाजूला सनमायका चिकटवून त्यातून बोल्टची चार भोके आणि मधले मोठे भोक उघडून घ्यावे. बाहेरच्या कडा कानशीने, नेहमी वरून खाली घासत, साफ कराव्यात.

बदलते तुकडे त्याच १२ मिमी प्लायवूडच्या सनमायका नसलेल्या उरलेल्या भागातून कापावेत. येथे एक अडचण दिसेल: भोवतालचा पृष्ठभाग सनमायकामुळे १ मिमी उंच झालेला असतो आणि तुकडा तेवढा खाली बसतो. उपाय साधा आहे. चौकोनाच्या काठावर त्याच सनमायकाच्या अरुंद पट्ट्या चिकटवाव्यात. जेवढी उंची वर वाढली तेवढीच खाली भरून निघते. तुकडा अगदी घट्ट बसत असेल तर पॉलिश पेपरने कडा किंचित घासाव्यात, आणि एकदम पंधरा-वीस तुकडे कापून ठेवावेत. जे एकच तुकडा कापतात ते तो चाळणी होईपर्यंत वापरतात, असे मी स्वतःवरून सांगू शकतो.

ट्रॅक बसवण्याचे काम थोडक्यात आटोपते. ट्रॅकमध्ये सुमारे १०० मिमी अंतरावर भोके पाडून त्यांची तोंडे रुंद करावीत, स्क्रूची डोकी ट्रॅकच्या तळाशी पूर्ण बुडतील याची खात्री करावी आणि १६ मिमीचे स्क्रू मारावेत. पुढचे टोक उघडे राहू द्यावे, म्हणजे टी-बोल्ट तेथून आत सरकवता येतो. ॲल्युमिनियमच्या कापलेल्या टोकांची धार कानशीने मोडणे विसरू नये. पोटापाशी येणारी हीच कड असते.

टेबल स्पिंडलशी काटकोनात आणणे

टेबल बोल्टने बसवल्यावर ते स्पिंडलशी काटकोनात आहे की नाही, हे गुण्या लावून पाहण्यापेक्षा वाकवलेल्या सळईने पाहावे. तीन-चार मिमी जाडीची सळई इंग्रजी झेड अक्षरासारखी वाकवून तिचे वरचे टोक चकमध्ये धरावे, आणि खालचे टोक स्पिंडलच्या मध्यापासून १०० मिमी दूर टेबलाला जेमतेम स्पर्श करील अशी उंची ठेवावी. यंत्राचा प्लग काढलेला असतानाच चक हाताने फिरवावा. सळईचे टोक २०० मिमी व्यासाचे वर्तुळ काढते, आणि प्रत्येक ठिकाणी ते टेबलापासून किती वर राहते हे कागदाच्या पट्ट्या खाली सरकवून मोजता येते. साध्या छपाईच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते, म्हणून पाच कागद मावत असतील तर तेथे अर्ध्या मिमीचा फरक आहे असे समजावे. फिरवताना सळई चुकूनही वाकू देऊ नये, नाहीतर सारी मापे फुकट जातात.

डाव्या-उजव्या बाजूंतला फरक बिडाच्या टेबलाखालचा तिरपेपणाचा बोल्ट सैल करून काढता येतो. पुढच्या-मागच्या बाजूंतल्या फरकासाठी मात्र यंत्रात बहुधा काहीच सोय नसते, आणि टेबल सहसा पुढच्या बाजूलाच झुकलेले सापडते. येथे लाकडी टेबलाचा आणखी एक फायदा होतो: पुढच्या दोन बोल्टांपाशी, लाकूड आणि बीड यांच्यामध्ये, पातळ पाचर घालून तो झोल भरून काढता येतो. २०० मिमी अंतरात अर्धा मिमी फरक असेल आणि पुढच्या व मागच्या बोल्टांमध्ये १५० मिमी अंतर असेल, तर पाचरीची जाडी ०.३७५ मिमी, म्हणजे जवळजवळ चार कागद, लागते. कागद दबतो आणि दमट हवेत फुगतो, म्हणून मोजमाप कागदाने करून शेवटी त्या जाडीचा पत्र्याचा तुकडा घालावा. अर्ध्या मिमीचा एवढा काथ्याकूट कशासाठी, असे वाटेल. या झोलामुळे १०० मिमी खोल भोक पलीकडे पाव मिमी सरकलेले निघते. खुंटीच्या सांध्यासाठी दोन्ही तुकड्यांत समोरासमोर भोके पाडायची असतील तर दोन्हींकडचा फरक एकत्र होतो आणि सांधा ओढूनताणून बसवावा लागतो.

फेन्स

फेन्स म्हणजे लाकूड टेकवण्याची उभी आधारपट्टी. टेबल सॉच्या सवयीमुळे पुष्कळ जण ती टेबलाच्या कडेला समांतर राहावी म्हणून दोन्ही बाजूंना मोजपट्ट्या लावतात आणि प्रत्येक वेळी दोन्हीकडे जुळवत बसतात. ड्रिल प्रेसवर याची काहीही गरज नाही. येथे कापणारी वस्तू एका बिंदूवर फिरते, आणि बिंदूपासून सरळ रेषेचे लंब अंतर एकच असते. रेषा टेबलावर तिरपी असली तरी तिच्या कडेने सरकवलेल्या फळीवरची सारी भोके कडेपासून सारख्याच अंतरावर पडतात. म्हणून फेन्स सरळ असावी, टेबलाशी काटकोनात उभी असावी आणि आवळल्यावर हलू नये, एवढेच पाहावे. अचूक अंतर लावायचे असेल तर एक बाजू पक्की करून दुसरे टोक हलकेच पुढे-मागे करावे. स्पिंडलपाशी त्याचा साधारण निम्माच परिणाम होतो, त्यामुळे अगदी बारीक फरकही लावता येतो.

१८ मिमी प्लायवूडची ६०० मिमी लांब, ८० मिमी उंच उभी पट्टी आणि ७५ मिमी रुंद आडवी पट्टी गोंद व स्क्रूने काटकोनात जोडून मागून चार त्रिकोणी आधार द्यावेत. जोडणी सपाट पृष्ठभागावर आणि उभी पट्टी सरळ कडेला क्लॅम्पने धरून करावी. आडवी पट्टी फेन्सच्या मागच्या बाजूला येते आणि ती खांबाला अडते, म्हणून तिच्या मध्यावर खांबापेक्षा थोडी रुंद खाच कापावी. ट्रॅकच्या टी-बोल्टसाठी दोन भोके ३४० मिमी अंतरावर पाडावीत, परंतु त्यांपैकी एक गोल आणि दुसरे डाव्या-उजव्या दिशेला दहा-बारा मिमी लांबट ठेवावे. फेन्स तिरपी केल्यावर दोन बोल्टांमधले अंतर वाढते. एक टोक ३० मिमी पुढे गेले की ते ३४१ मिमीच्या वर जाते आणि दोन्ही भोके गोल असतील तर फेन्स अडकून बसते.

उभ्या पट्टीच्या मध्यावर वरच्या बाजूने ७० मिमी रुंद आणि ४० मिमी खोल खाच कापणे आवश्यक आहे. कडेपासून २० मिमीवर भोक पाडायचे झाल्यास ५० मिमी व्यासाचा चक खाली येताना फेन्सच्या माथ्यावर घासला जातो, आणि हे बहुधा काम अर्ध्यावर आल्यावरच लक्षात येते. तसेच पट्टीच्या तळाच्या पुढच्या कडेला ३ मिमीची तिरपी धार मारावी. भोकातून निघणारा भुसा फेन्सच्या पायथ्याशी साचतो आणि लाकूड फेन्सला पूर्ण टेकू देत नाही. ही फट त्याला जागा करून देते. अंतर मोजताना फेन्सपासून बिटच्या जवळच्या कडेपर्यंत मोजून त्यात बिटचा अर्धा व्यास मिळवावा.

उभ्या पट्टीच्या माथ्यावर आणखी एक ट्रॅक बसवला तर त्यात सरकणारा थांबा लावता येतो आणि एकाच मापाच्या अनेक तुकड्यांना एकाच जागी भोके पडतात. थांब्याचा खालचा कोपराही तीन मिमी कापून टाकावा, कारण भुसा तेथेही साचतो.

वापरताना

वरून पाहिले असता स्पिंडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. बिट लाकडात अडकले तर लाकडाचे डावे टोक मागे आणि उजवे टोक आपल्याकडे फेकले जाते. म्हणून लाकडाची लांब बाजू शक्यतो डावीकडे ठेवावी, म्हणजे ते फेन्सवर किंवा खांबावर अडते आणि आपल्या हातावर येत नाही. लहान तुकडा हाताने धरून भोक पाडू नये. ट्रॅकमध्ये बसणारा दाबक्लॅम्प त्यासाठीच असतो. हातमोजे घालून ड्रिल प्रेसजवळ उभे राहू नये, आणि चकची किल्ली चकमध्ये ठेवून यंत्र कधीही सुरू करू नये.

महिन्या-दोन महिन्यांनी मधला तुकडा काढून काठावर साचलेला भुसा ब्रशने साफ करावा, कारण तेथे भुशाचा एक कण राहिला तरी तुकडा एका कोपऱ्यावर डुलतो. ट्रॅकमध्ये आणि पृष्ठभागावर मेण चोळावे. धातूला भोके पाडायची असतील तेव्हा चार बोल्ट सोडून लाकडी टेबल बाजूला भिंतीला उभे करून ठेवावे: गरम कीस सनमायकावर डाग पाडतो आणि कापणीचे तेल एकदा का प्लायवूडच्या कडांत मुरले, की त्यानंतर टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक स्वच्छ फळीला त्याचा डाग लागतो. परत बसवताना पाचरी ज्या बोल्टांपाशी होत्या तेथेच याव्यात म्हणून त्या बीडवर चिकटपट्टीने लावून ठेवाव्यात, आणि बोल्ट आवळल्यावर सळईची एक फेरी पुन्हा करून पाहावी.